ऊर्जा आहे, पण नेमकी कुठे?

नववीच्या वर्गात ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शिकवताना आपण प्रयोगशाळेतले एक किलोचे वजन एक मीटर वर उचलतो. फळ्यावर लिहितो, ‘स्थितिज ऊर्जा ९.८ जूलने वाढली.’ वजन खाली सोडले की पुढची ओळ लिहितो, ‘स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर झाले.’ हिशेब चोख जुळतो आणि वर्ग पुढच्या उदाहरणाकडे वळतो. अशा वेळी एखादी चौकस मुलगी हात वर करते आणि विचारते, ‘सर, वजन वर धरले आहे तेव्हा ती ऊर्जा आहे कुठे? वजनात, पृथ्वीत, की दोघांच्या मधल्या जागेत?’

‘वजन आणि पृथ्वी या दोघांच्या मिळून असलेल्या संहतीत’ असे उत्तर आपण देतो. ते चूक नाही. पण मुलीने जागा विचारली होती आणि आपण मालकाचे नाव सांगितले. तिचा प्रश्न मुळीच बाळबोध नाही. भौतिकशास्त्रज्ञांना त्याचा छडा लावायला पाऊण शतक लागले आणि अखेर जे उत्तर मिळाले ते कोणाच्याच अपेक्षेप्रमाणे नव्हते. त्या शोधाची ही हकिकत आहे.

बेरीज जुळणे पुरेसे नाही

रॉबर्ट मायर यांनी १८४२ मध्ये, जेम्स जूल यांनी १८४३ पासूनच्या प्रयोगांत आणि हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८४७ च्या आपल्या निबंधात ऊर्जा अक्षय्यतेची मांडणी केली. तिचे स्वरूप जमाखर्चाचे होते. इतके कार्य खर्ची पडले, इतकी उष्णता मिळाली, एकूण बेरीज तीच राहिली. ऊर्जा इथून तिथे जाताना वाटेत कुठे असते, हा प्रश्न त्या जमाखर्चात येत नव्हता.

शाळेच्या पटाचे उदाहरण घेऊ. समजा, सातवी ‘अ’च्या वर्गातून एक मुलगा एकाएकी नाहीसा झाला आणि त्याच क्षणी सातवी ‘ब’च्या वर्गात प्रकट झाला. शाळेच्या पटावरील एकूण संख्या बदलली नाही, म्हणून मुख्याध्यापक समाधानी होतील का? मुलगा वर्गाच्या दारातून बाहेर पडला, व्हरांड्यातून चालला आणि दुसऱ्या दारातून आत आला, असेच घडायला हवे. म्हणजे खरा नियम असा : कोणत्याही खोलीतील संख्येत पडणारा फरक हा त्या खोलीच्या दारातून झालेल्या ये-जा इतकाच असतो. हा नियम प्रत्येक खोलीला लागू असेल तर संपूर्ण शाळेची बेरीज आपोआप जुळते. उलट मात्र खरे नाही. शाळेची बेरीज जुळली म्हणून प्रत्येक खोलीचा हिशेब बरोबर असेलच असे नाही.

पहिल्या प्रकारच्या नियमाला ‘स्थानिक’ अक्षय्यता म्हणू. तिच्यासाठी दोन गोष्टी सांगाव्या लागतात : प्रत्येक ठिकाणी राशीची घनता किती, आणि प्रत्येक ठिकाणाहून तिचा प्रवाह कोणत्या दिशेने किती. विद्युतप्रभाराच्या बाबतीत हे सोपे आहे. प्रभार कणांवर असतो आणि कण कुठे आहेत हे दाखवता येते. ऊर्जेचे तसे नाही. सूर्यापासून निघालेला प्रकाश पृथ्वीवर पोहोचायला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात. तेवढा वेळ ती ऊर्जा सूर्यात नसते आणि पृथ्वीवरही नसते. मग ती मधल्या पोकळीतच असली पाहिजे.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हे स्पष्ट म्हटले. विद्युत आणि चुंबकीय ऊर्जा वस्तूंमध्येच नव्हे, तर त्यांच्या सभोवतालच्या क्षेत्रातही साठलेली असते, असे त्यांचे म्हणणे होते. घनता मिळाली. राहिला प्रवाह.

तारेच्या बाहेरून येणारी वीज

बर्मिंगहॅमच्या मेसन कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे जॉन हेन्री पॉइंटिंग यांनी १८८४ मध्ये तो प्रवाह शोधून काढला. एके काळी तारयंत्र चालवणारे आणि स्वतःच्या बळावर गणित शिकलेले ऑलिव्हर हेविसाइड हेही जवळपास त्याच सुमारास त्याच सूत्रापर्यंत स्वतंत्रपणे पोहोचले. त्याआधी, १८७४ मध्ये, रशियातील निकोलाय उमोव यांनी द्रव आणि स्थितिस्थापक पदार्थांसाठी ऊर्जेच्या प्रवाहाची कल्पना मांडली होती.

पॉइंटिंग यांचा निष्कर्ष असा : विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र जिथे एकमेकांना छेदून असतात, तिथे त्या दोघांनाही काटकोनात असलेल्या दिशेने ऊर्जा वाहते. आता वीजप्रवाह वाहणारी एक सरळ तार डोळ्यांसमोर आणा. तिच्यातील विद्युत क्षेत्र तारेच्या लांबीच्या दिशेने, तर चुंबकीय क्षेत्र तारेभोवती बांगडीसारखे. दोघांना काटकोनातली दिशा निघते ती बाहेरून तारेच्या आत जाणारी! म्हणजे तार तापते तेव्हा तिला मिळणारी उष्णता तारेतून वाहत आलेली नसते, ती सभोवतालच्या जागेतून तारेत शिरलेली असते. हिशेब करून पाहिला तर तारेच्या एखाद्या तुकड्यात अशा रीतीने शिरणारी ऊर्जा, त्या तुकड्याच्या टोकांमधील विभवांतर गुणिले वीजप्रवाह, या आपल्या ओळखीच्या गुणाकाराइतकीच भरते.

हे चित्र अनेकांना पटले नाही, आणि एका बाबतीत त्यांची शंका रास्त होती. चुंबकाशेजारी एक प्रभारित गोळा नुसता ठेवून द्या. काहीही हलत नाही, काहीही तापत नाही. तरी पॉइंटिंगचे सूत्र सांगते की तिथे ऊर्जा अखंड गोल गोल फिरते आहे. आपल्या शाळेत हे असे दिसेल : वर्गाला दोन दारे आहेत आणि मुले एका दारातून आत, दुसऱ्यातून बाहेर अशी रांगेने सतत फिरत आहेत. हजेरीत काहीच फरक पडत नाही. मग केवळ हजेरी पाहणाऱ्याला अशी रांग आहे की नाही, हे कसे कळावे? पॉइंटिंगच्या प्रवाहात असा कोणताही ‘गोल फिरणारा’ प्रवाह मिळवला, तरी जमाखर्च तितकाच जुळतो. तेव्हा या सगळ्या सूत्रांतले खरे कोणते? ही शंका लक्षात ठेवू. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

सोळा घरांचा तक्ता

ऊर्जा वाहत असेल तर तिच्याबरोबर संवेगही वाहिला पाहिजे. १९०१ मध्ये रशियातील प्योत्र लेबेदेव यांनी प्रकाशाचा दाब प्रत्यक्ष मोजून प्रसिद्ध केला. अमेरिकेतील निकोल्स आणि हल यांनीही तो त्याच काळात मोजला. हा दाब फारच थोडा असतो. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर दर चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॅट सूर्यप्रकाश पडतो. एक चौरस किलोमीटरचा काळा पडदा तिथे धरला, तर त्यावर जेमतेम साडेचार न्यूटन बल पडेल. जमिनीवर अर्धा किलोपेक्षा कमी वजन हातावर ठेवल्यासारखे. पण थोडा असला तरी तो शून्य नाही. रिकाम्या जागेतील क्षेत्रालाही संवेग असतो.

१९०५ मध्ये आइन्स्टाइन यांचा विशिष्ट सापेक्षता सिद्धांत आला आणि स्थानिक अक्षय्यतेला नवे महत्त्व मिळाले. एका निरीक्षकाला ज्या दोन घटना ‘एकाच क्षणी’ घडलेल्या दिसतात, त्या वेगाने जाणाऱ्या दुसऱ्या निरीक्षकाला मागेपुढे घडलेल्या दिसतात. सातवी ‘अ’मधून नाहीसा झालेला मुलगा ‘त्याच क्षणी’ ‘ब’मध्ये प्रकट झाला, हे विधान मग सर्वांसाठी सारखे राहत नाही. मधला काही काळ तो मुलगा कुठेच नव्हता, असे कोणाला तरी दिसेल. म्हणून सापेक्षतेत अक्षय्यतेचा नियम असायचा तर तो स्थानिकच असावा लागतो.

गॉटिंगेन येथील गणितज्ञ हेर्मान मिन्कोव्स्की यांनी १९०८ मध्ये विद्युतचुंबकीय क्षेत्रासाठी हा सगळा हिशेब चार गुणिले चार अशा सोळा घरांच्या एका तक्त्यात बसवला. एका घरात ऊर्जेची घनता, तीन घरांत ऊर्जेचा प्रवाह, तीन घरांत संवेगाची घनता आणि उरलेल्या नऊ घरांत संवेगाचा प्रवाह, म्हणजेच दाब आणि ताण. यालाच ऊर्जा-संवेग टेन्सर म्हणतात. पोकळीतील क्षेत्रासाठी हा तक्ता सममित असतो. कर्णाच्या अलीकडची आणि पलीकडची घरे सारखीच असल्याने प्रत्यक्षात दहाच संख्या वेगळ्या उरतात. ऊर्जेचा प्रवाह आणि संवेगाची घनता या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असा त्याचा अर्थ.

गॉटिंगेनमधील पेच

१९१५ च्या उन्हाळ्यात आइन्स्टाइन यांनी गॉटिंगेन येथे आपल्या अपुऱ्या अवस्थेतील व्यापक सापेक्षता सिद्धांतावर व्याख्याने दिली. श्रोत्यांत डेव्हिड हिल्बर्ट होते. नोव्हेंबर १९१५ मध्ये दोघांनीही काही दिवसांच्या अंतराने गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांवर आपापले निबंध सादर केले. समीकरणे मिळाली, पण ऊर्जेचा हिशेब काही सरळ लागेना. द्रव्य आणि प्रकाश यांच्या ऊर्जेत गुरुत्वाकर्षणाच्या ऊर्जेची भर घालावी लागत होती, आणि ती भर कशी घालायची यावर एकमत नव्हते.

आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये एक सूत्र सुचवले. त्यातली अडचण १९१८ मध्ये दोन बाजूंनी उघड झाली. श्रोडिंजर यांनी दाखवले की एका गोलाकार वस्तुमानाभोवती निर्देशांक सोयीचे निवडले, तर या सूत्राने गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा सर्वत्र शून्य येते. हान्स बाउअर यांनी दाखवले की जिथे गुरुत्वाकर्षण मुळीच नाही, अशा सपाट अवकाशातही निर्देशांक बदलले की ऊर्जा शून्याहून वेगळी येते. आलेखाचा कागद बदलला म्हणून शेताचे क्षेत्रफळ बदलत नाही. मग ही कसली ऊर्जा?

हिल्बर्ट आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी फेलिक्स क्लाइन या प्रश्नाशी झगडत होते. रूपांतरे केली तरी न बदलणाऱ्या राशींचा सखोल अभ्यास असलेल्या व्यक्तीची त्यांना गरज होती. अशी व्यक्ती एर्लांगेन येथे होती. एमी नोएथर. २३ मार्च १८८२ रोजी जन्मलेल्या, गणितज्ञ माक्स नोएथर यांच्या कन्या. १९०७ मध्ये डॉक्टरेट मिळवूनही त्या एर्लांगेनच्या गणित संस्थेत कित्येक वर्षे बिनपगारी काम करत होत्या. १९१५ मध्ये हिल्बर्ट आणि क्लाइन यांनी त्यांना गॉटिंगेनला बोलावून घेतले.

त्या आल्या, पण विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार त्यांना मिळेना. प्रशियाच्या नियमांत स्त्रियांना तो नव्हता, आणि विद्याशाखेतील भाषा व इतिहासाच्या प्राध्यापकांचा विरोध तर फारच कडवा होता. हे विद्यापीठ आहे, स्नानगृह नव्हे, असे हिल्बर्ट त्या वेळी उद्गारल्याची आख्यायिका सांगतात. अखेर त्यांनी पळवाट काढली. १९१६-१७ च्या हिवाळी सत्राच्या वेळापत्रकात हिल्बर्ट यांच्या नावावर एक तासिका लागली : दर सोमवारी ४ ते ६, शुल्क नाही, साहाय्य डॉ. नोएथर. शिकवण्याचे काम अर्थात ‘साहाय्या’कडेच होते.

जानेवारी १९१८ मध्ये क्लाइन आणि हिल्बर्ट यांच्यातील पत्रव्यवहार छापून आला. क्लाइन यांचा आक्षेप मार्मिक होता. हिल्बर्ट यांच्या सिद्धांतातील ऊर्जेचा नियम ही केवळ गणिती नित्यसमानता आहे, असे त्यांनी दाखवले. घरखर्चाच्या वहीत ‘शिल्लक’ म्हणजे ‘जमा वजा खर्च’ अशी व्याख्याच केली, तर जमा ही खर्च आणि शिल्लक यांच्या बेरजेइतकी येणारच. त्यावरून पैसे कुठे गेले याविषयी काहीच कळत नाही. हिल्बर्ट यांनी ही गोष्ट मान्य केली. इतकेच नव्हे, तर नेहमीच्या अर्थाने ऊर्जेचे समीकरण नसणे हेच व्यापक सापेक्षतेचे वैशिष्ट्य आहे, असे त्यांनी ठासून सांगितले. या विषयातील गुंता सोडवण्यात नोएथर यांची मदत झाल्याचे दोघांनीही नमूद केले. पण हिल्बर्ट यांचे म्हणणे अद्याप सिद्ध व्हायचे होते.

दोन प्रमेये

नोएथर यांनी ते सिद्ध केले. २६ जुलै १९१८ रोजी गॉटिंगेनच्या विज्ञानसंस्थेपुढे त्यांचा निबंध क्लाइन यांनी सादर केला, कारण नोएथर त्या संस्थेच्या सदस्य नव्हत्या. निबंध क्लाइन यांच्या डॉक्टरेटच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्यांनाच अर्पण केलेला होता. त्यात दोन प्रमेये आहेत.

पहिले प्रमेय आज सर्वत्र गाजते. भौतिकशास्त्रातील बहुतेक मूलभूत समीकरणे ‘क्रिया’ नावाच्या एका राशीवरून काढता येतात. एखादा बदल सर्वत्र सारख्याच प्रमाणात केला आणि क्रिया तशीच राहिली, तर त्या बदलाला सममिती म्हणतात. नोएथर यांनी दाखवले की अशा प्रत्येक अखंड सममितीपासून एक अक्षय्य राशी मिळते. सिद्धांत क्षेत्राचा असेल, तर घनता आणि प्रवाह या दोन्हींसह मिळते. आज प्रयोग केला काय आणि उद्या केला काय, नियम तेच, यातून ऊर्जेची अक्षय्यता निघते. इथे केला काय आणि तिथे केला काय, यातून संवेगाची. टेबल कोणत्याही दिशेला फिरवून केला काय, यातून कोनीय संवेगाची.

वर्गात हे एका उदाहरणाने पटवता येते. समजा, पृथ्वीचे आकर्षण सोमवारी कमी आणि गुरुवारी जास्त असते. मग दर सोमवारी विहिरीचे पाणी थोड्या श्रमात टाकीत चढवायचे आणि गुरुवारी खाली सोडून जास्त वीज मिळवायची. फुकटची ऊर्जा दर आठवड्याला! ती मिळत नाही याचे कारण नियमांना वारांचे भान नसते, हेच होय.

दुसऱ्या प्रमेयाची ख्याती कमी, पण मूळ पेच त्यानेच सोडवला. व्यापक सापेक्षतेत निर्देशांक सर्वत्र सारखेच सरकवण्याचे बंधन नाही. प्रत्येक ठिकाणी ते हवे तसे वाकवण्याची मुभा आहे. एवढी मोठी मुभा असते तेव्हा क्षेत्राची समीकरणे एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. त्यांच्यात आपोआप खरी ठरणारी नाती निर्माण होतात, आणि अक्षय्यतेचा नियम त्या नात्यांतच विरून जातो. अशा नियमांना त्यांनी ‘अनुचित’ म्हटले. म्हणजे चुकीचे नव्हे, तर नेहमीच्या अर्थाने भरीव नसलेले. निबंधाच्या शेवटच्या भागात त्यांनी हिल्बर्ट यांचे म्हणणे सिद्ध केले. गुरुत्वाकर्षणाच्या ऊर्जेची जागा सापडत नव्हती, ती कोणी शोधण्यात कमी पडले म्हणून नव्हे. सिद्धांताची घडणच तशी होती.

त्या वर्षअखेरीस आइन्स्टाइन यांनी क्लाइन यांना पत्र लिहून नोएथर यांना शिकवण्याचा अधिकार नाकारणे हा मोठा अन्याय असल्याचे कळवले. महायुद्धानंतर राजवट बदलली आणि १९१९ मध्ये हाच निबंध ग्राह्य धरून त्यांना तो अधिकार मिळाला. पगार मात्र मिळाला नाही. थोडेसे मानधन सुरू झाले ते १९२३ मध्ये. तोवर त्या बीजगणिताकडे वळल्या होत्या आणि त्या विषयाचा चेहरामोहराच त्यांनी बदलून टाकला. १९३३ मध्ये नाझी सरकारने ज्यू म्हणून त्यांना काढून टाकले. अमेरिकेतील ब्रिन मॉर कॉलेजात त्यांना जागा मिळाली, पण १४ एप्रिल १९३५ रोजी शस्त्रक्रियेनंतर वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. भौतिकशास्त्रज्ञांत त्यांचा निबंध बराच काळ फारसा वाचला गेला नाही. पुढे पाठ्यपुस्तकांत आले तेही बहुधा पहिलेच प्रमेय.

खरा तक्ता कोणता?

पहिले प्रमेय लागू असतानाही एक अडचण राहते. त्याच्या सरळ वापराने विद्युतचुंबकीय क्षेत्राचा जो तक्ता निघतो, तो सममित नसतो. मिन्कोव्स्कीच्या तक्त्याशी त्याची एकूण बेरीज जुळते, पण घराघरांतील आकडे जुळत नाहीत. आपली ती गोल फिरणारी रांग इथे पुन्हा भेटते. बेलिन्फान्टे यांनी १९३९-४० च्या सुमारास अशा रांगेइतकीच भर घालून तक्ता सममित करण्याची रीत दिली. रोझेनफेल्ड यांनीही १९४० मध्ये तोच विषय हाताळला.

पण अनेक तक्त्यांतला खरा कोणता, हे ठरवायचे कसे? निवाडा गुरुत्वाकर्षण करते. व्यापक सापेक्षतेत ऊर्जा आणि संवेग हेच अवकाशकाल वाकवतात. म्हणून अवकाशकाल जरासा ताणला असता क्रिया किती बदलते, हे पाहून तक्ता ठरवता येतो. ही वाट हिल्बर्ट यांच्या १९१५ च्या निबंधातच होती. तिने येणारा तक्ता आपोआप सममित असतो आणि विद्युतचुंबकीय क्षेत्रासाठी तो मिन्कोव्स्कीचाच निघतो.

चुंबकाशेजारच्या त्या फिरणाऱ्या प्रवाहाचे काय झाले? १९८० मध्ये ग्रॅहॅम आणि लाहोझ यांनी स्थिर विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांत साठलेला कोनीय संवेग प्रयोगाने मोजून दाखवला. हास्यास्पद वाटणारी ती रांग अगदीच कल्पनेतली नव्हती.

पुन्हा त्या मुलीकडे

आता त्या मुलीला काय सांगावे? विजेच्या किंवा प्रकाशाच्या ऊर्जेविषयी तिने विचारले असते, तर आपण जागा दाखवू शकलो असतो. इतर सर्व क्षेत्रांची ऊर्जा कुठे आहे याचा निवाडा गुरुत्वाकर्षण करते. स्वतः गुरुत्वाकर्षणाच्या ऊर्जेचा निवाडा करणारे मात्र कोणी उरत नाही. दोर तुटून मुक्तपणे पडणाऱ्या लिफ्टमध्ये बसलेल्याला आपल्याजवळ गुरुत्वाकर्षण जाणवतच नाही. ज्या ठिकाणी ते आहे की नाही हे निरीक्षकावर अवलंबून आहे, त्या ठिकाणी त्याची ऊर्जा किती, याला सर्वांना मान्य असा आकडा कसा असेल?

एकूण बेरीज मात्र हरवलेली नाही. एकाकी ताऱ्याची किंवा ताऱ्यांच्या जोडीची एकूण ऊर्जा दुरून मोजता येते. १९६० च्या आसपास आर्नोविट, डेझर आणि मिस्नर यांनी तिची नेमकी व्याख्या केली. गुरुत्वीय लहरींमुळे ती कशी घटते, हे १९६२ मध्ये बॉन्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी टिपलेल्या लहरीत सूर्याच्या सुमारे तिप्पट वस्तुमानाइतकी ऊर्जा दोन कृष्णविवरांच्या मीलनातून बाहेर पडली होती. हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे उभारायच्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिथेही अशाच लहरी टिपल्या जातील. त्या लहरीतून किती ऊर्जा आली, हे सांगता येईल. पण लहरीच्या नेमक्या कोणत्या बिंदूवर किती होती, हे विचारायची सोय नसेल.

म्हणून ‘संहतीत’ हे आपले जुने उत्तरच अखेर बरोबर ठरते. फक्त ते प्रश्न टाळण्यासाठी देऊ नये. ‘बाई, तू विचारलेली जागा निसर्गाने ठेवलेलीच नाही, आणि हे एका बिनपगारी शिक्षिकेने १९१८ साली सिद्ध केले,’ असे सांगून द्यावे.